खाटेच्या आन् पडद्याच्या मधात

इस्तारीभाऊंच्या घरी टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला तर कोणी काही बोलत नाही. सेल काढून दातांनी दाबायचे, पुन्हा घालायचे, रिमोट तळहातावर आपटायचा, हे सगळं पोंभुर्ण्यातल्या बाकी घरांसारखंच चालतं. पण ‘मधातून सरक’, ‘आड कोण उभं हाय’ असं कोणाच्या तोंडातून निघालं की म्हातारा खाटेवरून उठतो आणि स्वतः जाऊन टीव्हीचं बटण दाबतो. रागावत नाही. नुसता उठतो. घरातल्या पोरांना हा वयाचा विक्षिप्तपणा वाटत आला होता.

एका रात्री लाइन गेली. सगळे अंगणात खाटा टाकून पडले होते, तेव्हा सोनूने विचारलंच. प्रफुल खुदकन हसला. रिंकूने मात्र खाटेखाली सोडलेले पाय हळूच वर घेतले. इस्तारीभाऊ खाटेवर उठून बसले.

मग म्हणाले, “हे ऐकीव नाई. माह्या मोठ्या बहिणीच्या घरचं हाय, अहेरीचं. खोटं वाटलं त सकाळी सांगजा. आता मधात बोलू नका.”

आणि सुरुवात त्यांनी भुतापासून केली नाही. सेलपासून केली.

दोन हजार सात साल होतं. पोळा तोंडावर आला होता आणि अहेरीच्या आठवडी बाजारात लाकडी नंदीबैल, गोंडे आणि रंगीत दोऱ्या लटकल्या होत्या. त्या बहिणीची, गुणाबाईची, सून रिना भाजी घेऊन झाल्यावर लच्छूच्या दुकानावर थांबली. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. बाजारात अजून तिला कोणी नावाने ओळखत नसे, पण लच्छू तिला सेलवरून ओळखायला लागला होता. मागच्या बाजारी नेले, त्याच्या मागच्या बाजारीही नेले.

“काय वं वहिनी, सेल भाजून खाता का तुमी?” त्याने विचारलं.

रिना हसली नाही. पण वाक्य तिने ध्यानात ठेवलं. घरी सांगायला बरं होतं.

घर नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. तिचे सासरे श्रीहरीभाऊ यांचा जन्म प्राणहितेच्या पाण्यावर गेला होता. सकाळी जाळं, आणि दिवसभर डोंग्यातून माणसं पल्याड आंध्रात सोडणं. डोंगा म्हणजे कोरलेलं झाडाचं खोड. त्यात एक माणूस जरी उभा राहिला तरी सगळ्यांना घेऊन कलंडतो. म्हणून डोंग्यात कोणाचा पाय पडला की श्रीहरीभाऊंचा पहिला शब्द ठरलेला: “बसा.” सायबाला बसा, बाजारकऱ्याला बसा, शेळीलाही बसा. माणूस बसल्याशिवाय त्यांनी बांबू कधी पाण्यात घातला नाही.

हा शब्द डोंग्यातून घरात आला होता. त्या घरात रामराम मागून, बसा आधी. दारात, अंगणात, चुलीपाशी कोणी उभं दिसलं की घरातला जो असेल तो न पाहताच म्हणायचा, “उभे काऊन जी? बसा ना.” नव्या नवरीला माप ओलांडून आत घेतलं तेव्हा ती जरा वेळ उभी राहिली, तर चहूकडून “बस, बस” सुरू झालं. तिला वाटलं, या घरात उभं राहण्याची बंदीच आहे. दोन महिन्यांत तीही तेच म्हणायला लागली. कुत्र्याला म्हणाली त्या दिवशी तिचं तिलाच हसू आलं.

होळीच्या सुमारास श्रीहरीभाऊंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावीतही जोर उरला नाही. डाव्या हाताचा अंगठा तेवढा शाबूत राहिला. चंद्रपूरच्या डॉक्टरने सांगितलं, बोलणं परत येऊ शकतं, पण माणसाला असं नुसतं छताकडे बघत पडू देऊ नका. त्यांनी काहीतरी केलं आणि त्याने काहीतरी झालं, असं त्यांना दिसत राहू द्या.

तेव्हापासून सगळं घर त्या एका शब्दाची वाट पाहत होतं. त्यांचा मुलगा हेमराज काळीपिवळी टॅक्सी चालवायचा. तो पैज लावायचा की बाबांचा पहिला शब्द ‘बसा’च असणार. गुणाबाई म्हणायची, नाही, पहिली मला शिवी देतील, आणि मी ती ओटीत घेईन. रिना काही म्हणत नसे. पण रोज सकाळी चहा नेला की ती आधी सासऱ्यांच्या ओठांकडे बघायची. जूनपासून ते ओठ हलायला लागले होते. ‘अं’ इतकं यायचं. कधी ‘ब’च्या जवळ जाऊन फिरायचं.

‘काहीतरी केलं आणि काहीतरी झालं’ याची सोय केली अश्वजितने. तो हेमराजचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता, त्यातली एक जुनी मशीन त्याने आणून दिली. सुरू केली की तिचा पंखा धानाच्या गिरणीसारखा घरघरायचा. त्यात त्याने टीव्हीचं कार्ड बसवलं आणि मीडिया सेंटर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यामुळे माउस-कीबोर्डची गरज उरली नाही. पडद्यावर निळी पाटी यायची, तिच्यावर मोठ्या अक्षरांत टीव्ही, गाणी, फोटो, पिक्चर. आणि रिमोटच्या बाणाने वर-खाली जायचं. रिमोटची खूण पकडायला एक सुपारीएवढा काळा डोळा होता, वायरीला लावलेला. मशीन आणि पडदा कमरेएवढ्या उंच लाकडी कपाटावर मांडले, डोळा पडद्याच्या पायाशी ठेवला आणि समोरच्या भिंतीला श्रीहरीभाऊंची खाट लावली.

त्यांना काही पाहायचं नसायचंच. ते टीव्हीही उघडत नसत आणि फोटोही नाहीत. त्या निळ्या पाटीवर नुसते वर-खाली, वर-खाली फिरत राहायचे. हेमराजला वाटायचं, बाबांना समजत नाही. रिनाला एका दुपारी कळलं. अंगठा दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा, त्याला एक चाल होती. बांबू पाण्यात, बांबू वर. म्हातारा डोंगा हाकत होता. तिने ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे बघायला जमले असते आणि ते थांबले असते.

आणि मग श्रावणात रिमोट बंद पडायला लागला. दिवसा चालायचा. रात्री जेवणं झाली, भांडी झाली, कंदील उंबऱ्यात ठेवला की बंद. श्रीहरीभाऊ दाबत राहायचे, पाटी जागची हलायची नाही. त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी अंगठाही मंद चालायचा. महिनाभरात कमावलेलं चार रात्रींत जायला लागलं. म्हणून सेल. आणि सेलने काही होत नाही म्हणून बाजाराच्या दुसऱ्या दिवशी अश्वजित.

त्याने आपला कॅमेऱ्याचा मोबाइल रिमोटच्या टोकासमोर धरला आणि रिनाला बटण दाबायला लावलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण मोबाइलच्या काचेत टोकाला जांभळट ठिणगी लुकलुकली. ती मोठ्या कौतुकाने बघत राहिली. तो म्हणाला, हा उजेड माणसाला दिसत नाही, त्या काळ्या डोळ्याला दिसतो. रिमोटने डोळ्याला सरळ पाहिलं पाहिजे, बस.

“रिमोट चांगला हाय, डोळाबी चांगला हाय,” अश्वजित वायर गुंडाळत म्हणाला. “रात्रीचं मधात काई येऊन राह्यलं, वहिनी.”

“काय येईल?”

“चादर, मच्छरदाणी, काईबी. माणूस उभा राह्यला त पक्कं बंद.”

मच्छरदाणी त्या बाजूने बांधलेलीच नसायची.

त्या रात्री पाटी पुन्हा अडली. हेमराज अजून परतला नव्हता, गुणाबाई आतल्या खोलीत निजली होती. रिनाने सासऱ्यांच्या हातातून रिमोट घेतला आणि जरा डावीकडे, दारापाशी जाऊन दाबला. पाटी हलली. उजवीकडे, खिडकीपाशी जाऊन दाबला. हलली. खाटेपाशी आली. नाही. पुन्हा डावीकडून ती एक-एक पाऊल आत यायला लागली, अंगठ्याने दाबत. चाललं, चाललं… नाही. नाही. नाही… चाललं. ती थांबली. उलट फिरून पुन्हा पाहिलं. कपाटासमोर एवढीच जागा होती जिच्या पलीकडे रिमोट पोचत नव्हता. रुंदी साधारण माणसाच्या खांद्यांएवढी. तिने रिमोट डोक्यावर उंच धरला. तिथूनही नाही. खाटेवर चढून हात छताकडे नेला, तेव्हा कुठे पाटी हलली.

खाली उतरून ती सासऱ्यांकडे बघायला लागली. ते पडद्याकडे बघत नव्हते. पडद्याच्या जरा वर, जिथे काही नव्हतं, तिथे त्यांची नजर लागली होती. त्या नजरेत भीती नव्हती. वैताग होता. डोंग्यात उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं तसा. ओठ हलत होते. “ब… ब…”

रिनाला त्यांची दया आली. जन्मभर बोललेला शब्द आणि तो निघत नाही. तिने पदर सावरला, आणि त्या घराची सून जे कोणालाही म्हणाली असती तेच, सासऱ्यांच्या वतीने, समोरच्या मोकळ्या जागेला म्हणाली:

“उभे काऊन जी? बसा ना.”

तिने रिमोट परत हातात दिला, श्रीहरीभाऊंनी अंगठा दाबला. पाटी सरसर खाली गेली.

रिनाला हसू आलं. खरंच आलं. तिने घागरीतलं पाणी प्यायलं, सासऱ्यांचा अंगठा वर-खाली चाललेला पाहिला आणि गाढ झोपली.

सकाळी चुलीपाशी तिने हे सासूला सांगितलं, लच्छूच्या सेलच्या वाक्यासारखंच, हसण्यासाठी म्हणून. गुणाबाई हसली नाही. फुंकणी खाली ठेवून तिने विचारलं, “कोणाले बसवलं तू?”

“कोणाले नाई आत्याबाई. कोणीच नोयतं तिथी.”

“नोयतं त बसलं कोण?”

गुणाबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, उभा माणूस कधीही निघून जातो. बसवलेला पाहुणा आपल्याला पाठवावा लागतो. आणि आपल्यात पाहुण्याला ‘जा’ म्हणता येत नाही. ‘या’ म्हणावं लागतं. एवढं बोलून ती निंदायला शेतावर गेली, आणि पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

पुढचे दिवस मात्र फार चांगले गेले. रिमोट एकदाही अडला नाही. श्रीहरीभाऊ रात्री उशिरापर्यंत डोंगा हाकायचे. अंगठ्याच्या जोडीला आता पहिलं बोटही वळायला लागलं. हेमराज खुश होता. गुणाबाईसुद्धा एकदा म्हणाली, की चेहऱ्यावर तेज आलंय. रिनाला एकच गोष्ट खटकायची. ते दाबायचे, पाटी हलायची, पण ते पाटीकडे बघायचे नाहीत. कपाटाच्या बुडाकडे, जमिनीलगत बघायचे. आणि दर रात्री त्यांची नजर थोडी अलीकडे आलेली असायची.

पोळा मंगळवारी झाला. बुधवारी तान्हा पोळा. पोरं दिवसभर लाकडी नंदी ओढत दारोदार फिरली. संध्याकाळी हेमराजला चंद्रपूरची सवारी मिळाली. गाडीत बसता बसता तो रिनाला म्हणाला, “बाबा बोलले त ध्यानात ठेवजो. पहिला शब्द मले जसाच्या तसा पाहिजे.” रिनाने मान हलवली.

रात्री साडेअकराच्या सुमाराला लाइन गेली.

लोडशेडिंगची तेव्हा सगळ्यांनाच सवय होती. मशीनला अश्वजितने एक जुना यूपीएस लावून दिला होता, तो थोडा वेळ तग धरायचा. रस्त्यावरचा दिवा गेला, शेजाऱ्यांचा रेडिओ गेला, छताचा पंखा फिरत फिरत थांबला. खोलीत उजेड राहिला तो निळ्या पाटीचा. भिंती निळ्या, उशी निळी, सासऱ्यांचं कपाळ निळं. यूपीएस वाजला. टीं. जरा थांबून पुन्हा, टीं.

रिना खाटेशेजारी खाली चटईवर पडली होती. ती उठून बसली, कारण सासऱ्यांच्या अंगठ्याचा आवाज यायला लागला होता. रबरी बटण दाबल्याचा. पुन्हा. पुन्हा. चाल तुटली होती. ते भरभर दाबत होते, आणि पाटी जागची हलत नव्हती.

तिने रिमोट घेतला. त्यांच्या हाताच्या जागेवरून दाबला. नाही.

कपाटाकडे दोन पावलं गेली. चाललं.

एवढ्याने तिला बरं वाटलं, कपाटासमोरची जागा मोकळी होती. मग ती मागे सरकत आली, रिमोट खाटेच्या उंचीला धरून, दाबत. चाललं. चाललं. खोलीच्या मध्यावर, चाललं. चटईच्या कडेला… चाललं.

खाटेपाशी, नाही.

तिने हात वर केला. कमरेएवढा. चाललं. मांडीएवढा… नाही. म्हणजे उभं नव्हतं. बसलेलं होतं.

टीं.

तिची चटई आणि खाट यांच्यामध्ये वीतभर जागा होती. आतापर्यंत ती त्या जागेला डोकं लावून झोपली होती.

तिने गुणाबाईला हाक मारायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. खाटेच्या काठापलीकडे, अगदी जवळ. आठ्या गेल्या होत्या. वैताग नव्हता. सगळी माणसं नीट बसल्यावर हाकणारा जसा बघतो, तसे बघत होते. आणि रिकामा हात… अंगठा अजून वर-खाली होत होता. रिमोट तिच्या हातात होता… तरी अंगठा चालला होता. चालीत. बांबू पाण्यात. बांबू वर.

टीं… टीं…

हेमराज चंद्रपूरला. दार आतून लावलेलं. बोलणं परत येणार होतं. बोट वळायला लागलं होतं. या माणसाला कुठे जाऊ द्यायचं नव्हतं.

सासूचं वाक्य तिला आठवलं. पाठवावं लागतं.

रिनाने रिमोट खाली ठेवला. डोक्यावर पदर घेतला. हात जोडले. नजर कुठे ठेवायची ते तिला कळेना, म्हणून ती खाटेकडे, खाटेच्या काठाकडे, बघत राहिली. आवाज फुटला तेव्हा अगदी घरच्यासारखा फुटला.

“खूप येळ झाली जी… या आता.”

काही नाही.

यूपीएसचं वाजणंही मध्येच थांबल्यासारखं झालं. तिने रिमोट उचलला. खाटेपाशी धरला. डोळे मिटले. दाबला…

पाटी हलली.

पुन्हा दाबला. हलली. खालून, वरून, उशीपाशी धरून. हलली. मध्ये कोणी नव्हतं. रिना मटकन चटईवर बसली. आणि तेव्हा वरून, खाटेवरून, खरखरीत पण स्वच्छ आवाज आला.

“येतो.”

ती उडालीच. आनंदाने. असा आनंद की मघाचं सगळं पुसून गेलं. ती आतल्या खोलीकडे धावली, गुणाबाईला हलवलं, आत्याबाई उठा, मामाजी बोलले, बोलले मामाजी. गुणाबाई तशीच उठली, केस सुटलेले, पदर जमिनीवर. “काय म्हणे? काय म्हणे व?”

रिनाने तोंड उघडलं आणि तो शब्द तिच्या जिभेवर आला तेव्हा तिला ऐकू आला.

दोघी दारात थांबल्या. निळा उजेड अजून होता. श्रीहरीभाऊ पडद्याकडे बघत होते. अंगठा रिमोटशिवाय तसाच उचललेला होता. वर. खाली येत नव्हता.

मग यूपीएस संपला.

हेमराज पहाटे परतला. मातीची तयारी चालू असताना त्याने रिनाला एका बाजूला घेऊन एवढंच विचारलं, बोलले का? तिने सांगितलं, बोलले. येतो म्हणाले. तो ढसाढसा रडला, आणि रडून झाल्यावर सगळ्या गावाला सांगत सुटला की बाबांनी निरोप घेतला, सुनेचा रीतसर निरोप घेऊन गेले. लोकांनाही बरं वाटलं. असं मरण सगळ्यांना मिळत नाही, म्हणाले.

निरोप आधी कोणी दिला, हे त्याला रिनाने सांगितलं नाही. कोणाला दिला होता, हे तर तिला स्वतःलाही आता सांगता येत नव्हतं. इस्तारीभाऊंना तिने ते सांगितलं दहाव्याला, नदीवर, बाकीचे घाटाने पुढे गेल्यावर. म्हणाली, मी नाव घेतलं नाही. मी नुसतं ‘या’ म्हणाली. तिथी दोघं होते.

इस्तारीभाऊ इथे थांबले. दूर कुठेतरी ट्रक गेला. त्याचा आवाज संपेपर्यंत म्हातारा वाट बघत होता.

तेरावं झालं त्या दुपारी अश्वजित मशीन न्यायला आला. वायरी सोडल्या, पडदा उतरवला, डोळा खिशात टाकला. हेमराजने आणि इस्तारीभाऊंनी मिळून ते लाकडी कपाट उजेडात ओढलं, म्हणजे खोली सारवता येईल. तेव्हा ते दिसलं.

कपाटाच्या दर्शनी फळीवर, वरून वीतभर खाली, एक डाग होता. हाताच्या पंजाएवढा, गोल, काळपट, चकचकीत. असे डाग सगळ्यांच्या घरी असतात. ओसरीच्या भिंतीवर, खांबावर, जिथे माणूस रोज पाठ टेकून बसतो आणि डोकं मागे लावतो, तिथे. तेल मुरत मुरत वर्षांनी पडणारा. हे कपाट हेमराजच्या लग्नात आलं होतं. त्याला टेकून त्या घरात कोणी कधी बसलं नव्हतं.

गुणाबाईने बोट लावून वास घेतला. मोहाचं तेल, म्हणाली. आणि बोट मातीत पुसायला लागली. पुसतच राहिली. तिच्या घरात केसाला ते तेल तिच्या सासूनंतर कोणी लावलं नव्हतं, आणि सासू जाऊन हेमराजच्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली होती.

अश्वजितने वायरी गोळा केल्या आणि चहा न घेता गेला.

सगळे बाहेर गेल्यावर रिना तेवढी आत राहिली. इस्तारीभाऊ दारातून बघत होते, तिला ते दिसले नाहीत. तिने कपाट ढकलत ढकलत पुन्हा होतं तिथे नेलं. मग ती खाली बसली. कपाटाला पाठ लावून. मान मागे नेली, डाग डोक्याला लागेपर्यंत जरा उंच झाली, आणि समोर पाहिलं.

पडदा बघायला आलेला माणूस पडद्याकडे तोंड करून बसतो.

तिच्या डोळ्यांसमोर खाट होती. आणि बरोबर डोळ्यांच्या रेषेत, उशी.